खडी फोडणारा आणि खडीवर धावणारी

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आता ६१ क्रमांकाचा आहे; जुन्या लोकांच्या तोंडी अजून २२२च आहे. तो सोडून सह्याद्रीच्या भिंतीकडे निघालं, सिद्धगड-गोरखगडाच्या अंगाला किंवा नाणेघाटाच्या पायथ्याकडे, की डांबर हळूहळू विरत जातं. शेवटच्या गावापुढचा, पाड्यावर जाणारा रस्ता बहुधा मुरुमाचा असतो. पावसाने मुरूम धुऊन नेला असेल तर नुसत्या खडीचा.

या लेखातली दोन माणसं अशाच एका रस्त्याशी बांधलेली आहेत. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. खड्डे भरणं, गटारं काढणं, मोऱ्यांची तोंडं मोकळी करणं, साइडपट्ट्या ओढणं यात त्यांची नोकरी गेली. त्याआधी, मिसरूड फुटण्याच्या वयात, त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. त्यांची भाची कल्याणला एका रुग्णालयात परिचारिका आहे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती मामांकडे येते आणि पहाटे याच रस्त्यांवर धावायला निघते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब ते सगळं अल्ट्रा. सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरातली अल्ट्रा २०१८पासून होते, आणि तिच्यातलं ५३ किलोमीटरचं अंतर भाचीने धरलं आहे.

दोघांचं बोलणं मी थंडीभर ऐकत आलो. ते एका बैठकीतलं नाही, ओळीने मी लावलं आहे. मी तटस्थही नाही. धावण्याबद्दल मला भाचीचं पटतं, रस्त्याबद्दल मामांचं. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हाच खरा वाद आहे.

मामा : आमच्याकडे माणूस पळताना दिसला की लोक ओटीवरून खाली उतरतात. कोण गेलं? कोणाला पान लागलं? परवा तू पाड्यावरून गेलीस तर दोन बाया तुझ्यामागे निघाल्या होत्या.

भाची : बघितलं मी. थांबून सांगितलं त्यांना, काही झालं नाही, डिसेंबरात लांब पळायचंय, त्याचा सराव करते. एकीने विचारलं, रोज किती देतात?

मामा : मग?

भाची : म्हटलं, देत नाहीत. आपणच भरायचे.

मामा : तिथेच माझं अडतं, बाय. पैसे घेऊन दमणं मला कळतं. पैसे देऊन दमणं कळत नाही. तुझा जोडा केवढ्याचा ते तू सांगत नाहीस, पण खोक्यावरची किंमत मी वाचली. माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारात बसला नसता. बारामतीच्या त्या लता करे पळाल्या, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी ती बातमी वाचली. नऊवारी नेसून, अनवाणी, साठीच्या पुढची बाई. नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवे होते म्हणून पळाली आणि पहिली आली. त्या पळण्याला पाय आहेत. तुझ्या पळण्याला काय आहे?

भाची : लता करेंपुढे मीही हात जोडते. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं, त्याची राष्ट्रीय पुरस्कारांतही दखल घेतली गेली. पण मामा, त्या पळाल्या म्हणून आपण खूश होतो की नवऱ्यासाठी पळाल्या म्हणून? घरच्या गरजेसाठी बाई काट्यातून गेली तर ती थोर. स्वतःला वाटलं म्हणून गेली तर तिला विचारायचं, पोहोचायचं कुठे होतं?

मामा : बाप्याला पण विचारलं असतं.

भाची : नसतं विचारलं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स म्हणून शर्यत आहे, डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन गावांमधली, नव्वद किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने ती १९२१ साली सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोहोचले. त्या पुरुषांना कोणी विचारलं नाही की आठवण काढायला बसून नाही का चालत. आणि बायकांना अधिकृतपणे धावू दिलं कधी? १९७५ साली. पहिल्या शर्यतीनंतर दोनच वर्षांनी एक बाई तशीच, परवानगीशिवाय धावून पोहोचली होती, १९२३ साली, तरीसुद्धा पुढं अर्धं शतक.

मामा : तिकडेही असंच म्हणायचं.

मामांच्या प्रश्नात खोट काढण्यासारखं मला काही दिसत नाही. ज्याने आयुष्यभर शरीर भाड्याने दिलं तो माणूस शरीराचा प्रत्येक खर्च हिशेबात धरणारच. त्यांच्या पिढीत इथून घाटावर जाणं म्हणजे काहीतरी नेणं नाहीतर आणणं होतं. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढवत आला आहे. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे, आणि गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. मामांचे वडील पौषात म्हसा इथल्या म्हसोबाच्या जत्रेत बैल घेणाऱ्या घाटावरच्या शेतकऱ्यांना ते बैल नाणेघाटाने वर पोहोचवून देत. त्या वाटेने रिकाम्या हाताने कोणी गेलं, असं मामांनी ऐकलेलं नाही.

भाची : तुम्ही रस्ता करताना कशी खडी टाकायचात ते परत सांगा ना. मला पायाखाली काय असतं ते कळायला हवंय.

मामा : आधी डबर. खाली मोठा दगड लावून सोलिंग करायचं, हाताने, दगड उभा लावायचा, फटीत चिपा ठोकायच्या. त्यावर खडी. मग कोरडा रोलर. खडी रोलरखाली दबते ती दगड फुटून नाही, एकमेकांत अडकून दबते. म्हणून खडी कोनाची पाहिजे. नदीतला गोल गोटा टाकला तर जन्मभर रोलर फिरव, तो हलत राहणार. मग वर मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, परत रोलर. मुरूम फटीत उतरला, पाणी पिऊन घट्ट बसला की रस्ता झाला. पाणी मारण्यात चोरी केली तर पहिल्या पावसात मुरूम ओढ्यात आणि खडी उघडी.

भाची : आणि खडी फोडायची कशी?

मामा : बसून. डोक्यावर फडक्याची सावली करायची, पुढ्यात एक पालथा दगड, त्यावर डबर ठेवून हातोडी. बाया जास्त असायच्या कामावर. पोर झाडाला झोळीत. संध्याकाळी ढीग चौकोनी रचायचा, साहेब टेप लावायचा, ब्रासवर पैसे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ढीग दिसायला केवढा, आणि भरायला किती दिवस लागतात ते बोटं सांगतात. डोळ्यात चिपळी जायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईचा डोळा तसाच गेला.

सरकारी कागदावर या रस्त्याला ‘डब्ल्यूबीएम’ म्हणतात, वॉटर बाउंड मॅकॅडम. कोनाच्या, एका मापाच्या, हाताने फोडलेल्या बारीक खडीचा रस्ता स्वतःच्या अडकण्यानेच टिकतो, ही गोष्ट जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने १८२०च्या सुमारास व्यवहारात आणली. महाराष्ट्रात ती गोष्ट घराघरात पोहोचली ती दुष्काळामुळे. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडीच्या कामावर बसली. वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा आग्रह धरला होता, मागेल त्याला काम, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, २००५ साली आला. मुरबाड-शहापूरला पावसाची कमतरता कधीच नव्हती. इथे भात कापून झाला की हाताला काम नसायचं, आणि काम मागायला आदिवासी-कुणबी माणसं तहसील कचेरीवर जात. भाची ज्या रस्त्यावर पहाटे धावते त्याची खालची खडी त्या काळातली आहे. वरचा मुरूम कितीदा तरी बदलला असेल. सोलिंग तेच आहे.

भाची : मला हे कळल्यापासून मी जपून पाय टाकते, असं नाही म्हणणार. धावताना ते लक्षात राहत नाही. धावताना तीन-चार पावलांपुढची खडी दिसते, एवढंच. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखं पडतं, मार त्याच त्याच जागी बसतो, डोकं रिकामं होतं. इथे एकही पाऊल मागच्यासारखं नाही. सुटी खडी आली की पाऊल आखूड करायचं, उचलून टाकायचं, घोटा सैल ठेवायचा. ओल्या मुरुमावर पाय जरा रुततो, तिथे विश्रांती मिळते. चढावर सरळ चालायचं, त्यात लाज नाही. लांब पल्ल्याचे सगळे धावणारे चढ चालतात.

मामा : आणि उतार?

भाची : उतारच मारतो. चढताना दम लागतो, पण मांडी मोडते ती उतरताना. स्नायू ताणला जात असतानाच त्याला अंग तोलून धरायचं असतं, त्यात त्याचे बारीक धागे तुटतात. दुखणं लगेच नाही कळत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं.

मामा : हे तुला कल्याणला शिकवलं? आहुप्याच्या घाटाने डोक्यावर पोतं घेऊन उतरणाऱ्या कोणालाही विचार. चढताना देव आठवतो, उतरताना गुडघे. म्हणून आम्ही उतारावर थांबत नव्हतो. थांबलं की पाय थरथरतो.

भाची : आम्हालाही तेच सांगतात, ब्रेक लावत उतरू नका.

मामा : खाता काय?

भाची : शरीरात साठवलेली साखर तीसेक किलोमीटरला संपत येते. मग हातपाय जड, डोकं बधिर. म्हणून भूक लागायच्या आधीपासून थोडं थोडं खायचं. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळं, चिक्की. आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही. घामातून मीठ गेलेलं असतं, त्यात पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ विरळ होतं, माणूस बरळायला लागतो, फिट येते. उन्हात कोसळलेल्या माणसाला पाणी पाजत सुटणारे लोक मी कामावर पाहिलेत. आधी बघावं लागतं, त्याने काय प्यायलंय.

मामा : आम्ही पेज प्यायचो मिठाची. दुपारी भाकरीवर मिरची-मीठ. कोणी सांगितलं नव्हतं.

मामांच्या पायात टायरच्या चपला असतात. जुन्या टायरचा तळ कापून त्यावर पट्टे ठोकलेल्या. भाचीने एकदा त्या उलट्या करून बराच वेळ पाहिल्या आणि मग लेडव्हिलची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर शंभर मैलांची, म्हणजे १६१ किलोमीटरची शर्यत होते. मेक्सिकोच्या दऱ्यांमधले ररामुरी आदिवासी, ज्यांना बाहेरचे लोक ताराहुमारा म्हणतात, १९९२ साली तिथे उतरले आणि त्यांच्यातला एकही शेवटपर्यंत पोहोचला नाही. १९९३ साली ते पुन्हा आले. व्हिक्टोरियानो चुरो नावाचा ५५ वर्षांचा माणूस टायरच्या तळाच्या वहाणा घालून पहिला आला. दुसराही त्यांचाच होता.

मामा : पंचावन्न! आणि तसल्याच चपला?

भाची : तशाच. चामड्याची वादी आणि टायर.

मामा : मग त्याला शर्यत कोणी शिकवली नसणार. तो लहानपणापासून तेच करत असणार. निरोप घेऊन, ओझं घेऊन, या दरीतून त्या दरीत. तुम्ही त्याला उभं केलंत आणि म्हणालात, ही शर्यत. त्याची ती रोजची चाल.

भाची : तेच तर म्हणतेय मी. आपल्याकडेही ती चाल आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत बघा. त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी पाड्यावरची मुलगी; २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, पुढे २०१६ला रिओत ऑलिंपिक मॅरेथॉन. डोंगरातल्या माणसाच्या पायात काय आहे ते तिने दाखवलं. आपल्या पाड्यांवरून अशा किती निघतील! तुम्ही मागे झोळीची गोष्ट सांगितलीत ना, ती ऐकताना मला सारखं वाटत होतं, ही तर अल्ट्राच.

मामांनी यावर ताबडतोब उत्तर दिलं नाही. गोष्ट अशी होती. पावसाळ्याचे दिवस, पाड्यावरची एक बाई अडलेली. गाडी शेवटच्या मोरीच्या अलीकडे थांबणार, कारण पुढे मुरूम वाहून गेला होता. घोंगडीची झोळी, कळकाचा दांडा, चौघे खांद्याला आणि चौघे बदलीला. मामा त्या आठांत होते. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवरून आजही पावसाळ्यात माणसं अशी आणावी लागतात. वर्तमानपत्रात तो फोटो दरवर्षी येतो.

मामा : तसं म्हणू नकोस. झोळी घेतली की चालता येत नाही, कारण वेळ नाही. पळता येत नाही, कारण आतली बाई हिंदकळते. दोन्हीच्या मधली एक चाल असते. पाऊल बारीक, गुडघा वाकलेला, सगळ्यांचं पाऊल एका वेळी. तुला ती चाल माहीत आहे असं तुला वाटतं.

भाची : आम्ही ती शिकतो, मामा. लांब पल्ल्यात तसंच धावायचं असतं.

मामा : तू थांबू शकतेस. तेवढा एकच फरक आहे, पण मी त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. तुझा पाय मुरगळला तर तू मोरीवर बसशील, मला फोन लावशील, मी गाडी घेऊन येईन. त्या दिवशी खडी उघडी पडलेली होती. पुढच्या डाव्या खांद्याचा गडी घसरला, गुडघा फुटला, तो तसाच उठला. पोहोचलो. बाई वाचली, मूल नाही वाचलं. त्या रस्त्याचा मुरूम आम्ही मे महिन्यात टाकला होता. पाणी न मारता. टँकर आला नव्हता आणि वरून सांगितलं होतं, बिल काढायचंय, उरका. तेव्हापासून त्या रस्त्यावरून कोणी पळालं की माझ्या पोटात गोळा येतो. तू पळालीस तरी.

इथे मला लेखक म्हणून गप्प राहता येत नाही. आपण शहरातून डोंगरात जातो तेव्हा कष्टाला नाव देण्याची घाई करतो. पाणी आणणाऱ्या बाईला ‘खरी धावपटू’ म्हणतो, झोळी वाहणाऱ्याला ‘खरा अल्ट्रा’ म्हणतो, आणि असं म्हणून आपण त्यांचा मान केला असं आपल्याला वाटतं. शहापूर तालुक्यात तानसा आहे, १८९२चं धरण. मोडकसागर आहे, भातसा आहे. मुंबई ते पाणी पिते. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात आणि टँकरची वाट पाहतात. त्यांना धावपटू म्हटल्याने नळ जवळ येत नाही. भाचीने ते जिव्हाळ्याने म्हटलं होतं हे मला माहीत आहे, तरीही मामांनी ते तोडलं हे मला योग्य वाटतं.

पण भाचीने त्यानंतर जे सांगितलं तेही मला तितकंच खरं वाटतं.

भाची : बरं. नाही म्हणणार. पण मग माझ्या आईचं सांगते, तुमच्या बहिणीचं. पहाटे लावणीला, दुपारी घरी, संध्याकाळी लाकडाला. दमायची. रोज दमायची. पण ते दमणं तिचं कधी नव्हतंच, ते शेताचं होतं, सासूचं होतं, आमचं होतं. तिला कोणी विचारलं नाही, तुला तुझ्यासाठी दमायचंय का. मी रात्रपाळी करते तेव्हाही दमते, पेशंटसाठी, पगारासाठी. पहाटे या रस्त्यावर तिसाव्या किलोमीटरला जे दमणं येतं ते पहिलं असं आहे जे कोणी माझ्यावर लादलं नाही. मी थांबू शकते, बरोबर. थांबू शकत असताना थांबत नाही, ते मला हवंय. तुम्ही झोळी वाहिलीत म्हणून मला आज ते मिळतंय, हेही मला कळतं. मला ते परत करायचं नाहीये.

मामा : परत कर असं मी कधी म्हटलं?

भाची : म्हणता की. पोहोचायचं कुठे, असं विचारता म्हणजे तेच म्हणता.

मामा : बरं, ते सोडतो मी. पळ. पण मग रस्त्याचं सांग. तू तुझ्या त्या धावणाऱ्या मैत्रिणींना म्हणालीस, मी ओटीवर होतो, ऐकलं मी. म्हणालीस, देव करो आणि इथे डांबर न येवो.

भाची : म्हणाले. आणि अजून म्हणते, थोडं वेगळं करून. डांबर आलं की पाठोपाठ काय येतं ते तुम्हीही बघितलंय. पहिल्या वर्षी प्लॉटिंगचे फलक. मग तारेचं कुंपण. मग शनिवार-रविवारच्या गाड्या. ओढ्याकडे जायची जुनी वाट कोणाच्या तरी फार्महाऊसच्या आत जाते. कच्चा रस्ता होता तोवर शेतं शाबूत होती.

मामा : शेत विकायचं की नाही ते शेतवाल्याने ठरवायचं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, तो कायदा आहे, तो नीट राबवा म्हणून भांडा ना! कुणब्याने विकली तर त्याला समजावा, नाहीतर पोराला काम द्या. पण रस्ता कच्चा ठेवून जमीन वाचवायची म्हणजे अडलेल्या बाईच्या जिवावर वाचवायची. तुझ्या गुडघ्याला मुरूम मऊ लागतो म्हणून पाड्याने झोळी वाहायची का?

भाची : नाही.

मामा : मग?

भाची : मग काही नाही. नाही, हेच उत्तर आहे.

हा प्रश्न एका पाड्याचा नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा सपाटीवर ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्या जोडायचं ठरलं. सह्याद्रीच्या पायथ्याचे कितीतरी पाडे २५०च्याही आत आहेत. कागदावर ते गावात मोजले जातात आणि रस्ता गावापर्यंतच येतो. पुढची जमीन वनखात्याची असली तर एक मोरी बांधायलाही परवानगी लागते. २००६च्या वनहक्क कायद्याने त्यातून एक वाट काढून दिली: रस्ता, शाळा, पाण्याची टाकी अशा कामांना, एक हेक्टरच्या आत आणि हेक्टरी ७५ झाडांच्या आत, ग्रामसभेने शिफारस केली तर वनजमीन देता येते. मामांनी निवृत्तीनंतर ग्रामसभेत याच ठरावाचा पिच्छा पुरवला. ठराव झाला, मोजणी झाली, या वर्षी काम निघायचं आहे. भाचीचा सगळ्यात आवडता पट्टा, चढाचा, त्यातच आहे.

भाची : काम निघाल्यावर मी कुठे धावू? शर्यत ज्या वाटांवर आहे तिथे डांबर नाही.

मामा : साइडपट्टीवर.

भाची : म्हणजे?

मामा : डांबर मधेच असतं. दोन्ही अंगांना मुरुमाची पट्टी ठेवावी लागते, नाहीतर डांबराची कड तुटते. समोरून गाडी आली तर दुसरीने उतरायचं कुठे? बैल चालायचे कुठे? माणूस चालायचा कुठे? ती साइडपट्टी. अंदाजपत्रकात असते, ठेकेदार विसरतो. विसरला की दोन पावसाळ्यांत रस्त्याची कड कुरतडलेली दिसते. मी नोकरीभर साइडपट्ट्या ओढल्या आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, त्यात वेळ का घालवतोस म्हणून.

भाची : त्यावर धावता येईल एवढी रुंद असते?

मामा : कागदावर असते. रस्त्यावर करून घ्यावी लागते. मुरूम कडक हवा, मातीचा नको. हातात चुरून बघायचा, पीठ झालं तर माती. डांबराच्या कडेला सपाट मिळाला पाहिजे, खाली राहिला तर पाय मुरगळतो आणि मोटारसायकल घसरते. आणि उतार बाहेर हवा, डांबराला असतो त्याहून थोडा जास्त. तांब्याभर पाणी ओतायचं. बाहेर गेलं तर काम बरोबर, डांबराकडे आलं तर परत करायला लावायचं.

भाची : मी बघितलेलं चालेल? ठेकेदार माझं ऐकेल?

मामा : ठरावाची नक्कल हातात ठेव, मग ऐकतो. आणि त्या मैत्रिणींनाही आण. ज्यांना मुरूम हवाय त्यांनी तो नीट करून घ्यायला यावं.

भाची : कधी येऊ?

मामा : सोलिंगच्या दिवशी नको, तिथे तुझं काम नाही. रोलर फिरायच्या आदल्या दिवशी ये, रजा टाकून. टँकर येतो का, आणि पाणी मारतात का, ते बघायला माणूस उभा लागतो.